हात न लावता

"बाळंतपणाची रजा दीड महिन्यावर आलीय तुझी. मागे काही बंद पडलं, तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" असं म्हणून चौबळसरांनी कंपनीत क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरचं, प्रशिक्षण घेणाऱ्या हेमांगीला सकाळीच नव्या प्रकल्पातून वगळलं होतं.

दुपारी प्रशिक्षणाची शेवटची परीक्षा होती. प्रत्येकाने उभारलेली वेबसाइट चालू असताना सर तिचा एक सर्व्हर मुद्दाम बंद पाडायचे. ती पुन्हा चालू करायला पोरं कीबोर्डवर बोटं ठेवून, श्वास रोखून बसायची.

हेमांगीचा नंबर आला, तशी ती पोट सावरत उठली, पार खिडकीशी जाऊन बसली आणि तिने डबा उघडला.

"अगं, जागेवर बस! सांभाळणार कोण?"

"तुम्ही खुशाल पाडा बंद, सर."

सर चिडले. त्यांनी एकाऐवजी दोन सर्व्हर बंद केले. पडद्यावरची वेबसाइट क्षणभर अडखळली. मग हेमांगीने आधीच लावून ठेवल्याप्रमाणे आपोआप नवे सर्व्हर उभे राहिले आणि ती पुन्हा सुरळीत चालू लागली.

हेमांगीने तिखटमीठ लावलेली कैरीची फोड कचकन चावली.

"बघितलंत? हे माझ्यावाचून चालतं. आता तुमचा प्रकल्प माझ्यावाचून चालवून दाखवा."