दहा वेळा पाहुणी

कार्डिफमधल्या माझ्या शेजारीण, येमेनच्या सुआदबाई पुन्हा पडल्या, तर मुलगा त्यांना केअर होममध्ये ठेवणार होता. फिजिओने अरबीत छापलेला कागद दिला: खुर्चीतून रोज दहा वेळा उठा.

"मी काय शिक्षा झालेली पोर आहे?" म्हणत त्यांनी तो बाजूला सारला.

पण दारात कोणी आलं की उठून उभं राहायचं, हा माझ्या आईसारखाच त्यांचाही नेम. मग मीच रोज काठी टेकत दहा वेळा बाहेर जाऊन आत येऊ लागले. दहाही वेळा त्या "अहलन!" म्हणत उठत.

महिन्याने फिजिओ म्हणाली, "पाय छान भक्कम झालेत."

"हिचेही बघ," सुआदबाई हसल्या. "रोज दहा फेऱ्या मारायला लावते मी हिला. हिची काठी आठवडाभर माझ्या दारामागेच पडलीय."

मी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ते जोडले.