गल्लीचा पांगुळगाडा

पांगुळगाड्याच्या दांडीवरचा हात चंपाबाईंनी काही केल्या काढला नाही. दारात आलेला माणूस फार गोड बोलत होता, आणि गोड बोलणाऱ्यांनी गेल्या वर्षी त्यांना चांगलाच धडा शिकवला होता.

"असला लाकडी गाडा आता कुठं बघाय मिळतोय, आक्का," तो म्हणाला. "लहानपण आठवलं बघा."

झालं! गेल्या वर्षीच्या त्या चष्मेवाल्यालाही असंच लहानपण आठवलं होतं. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, आठ दिवसांत आणून देतो, म्हणून तो त्यांची पितळी भातुकली घेऊन गेला. चूल, बंब, जातं, बोटाएवढी पळी, सगळं माहेरहून आलेलं. पुढं नातवाबरोबर हायवेवरच्या हॉटेलात जेवायला गेल्या, तर भातुकली तिथं भिंतीवर. कंदील आणि चावीच्या मोटारीशेजारी, सिमेंटात पक्की बसवलेली. लोक तिच्यापुढं उभं राहून फोटो काढत होते. चंपाबाई त्या दिवशी ताटावरून उठल्या. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. आता घरात जुनं म्हणून हा गाडा तेवढा उरला होता, आणि तो त्यांना भिंतीवर चढू द्यायचा नव्हता. माळ्यावरून ऊन दाखवायला म्हणून सोप्यात आणला, तर आलाच कोणीतरी वास काढत.

"नाव काय म्हणालास?"

"सुगत. आण्णाप्पाचा ल्योक. तुमच्या तंबाकूच्या वखारीत हुते बघा. मी आता बेळगावात असतोय, वीज खात्यात इंजिनिअर हाय. पोरगी धरून हुबी ऱ्हायाय लागलीया, म्हणून गाडा मागाय आलतो."

आण्णाप्पा त्यांना आठवत होता. पण त्याचं नाव काय, निपाणीत कोणीही सांगेल. आणि इंजिनिअरच्या पोरीला लाकडाचा गाडा कशाला? दुकानात रंगीबेरंगी, गाणी म्हणणारे वॉकर ढिगानं पडलेत, असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

"डाक्टर नको म्हणत्यात ते," सुगत म्हणाला.

उत्तर तयारच होतं. चंपाबाईंना तयार उत्तराचा जास्त संशय. त्यानं सोप्याच्या कडेला बसून मोबाईलवर पोरीचा फोटो दाखवला. मोबाईलवर काय, कोणाचंही पोर दिसतं! आणि बोलता बोलता त्याची नजर सारखी गाड्याच्या चाकांवर, दांडीवर कोरलेल्या पोपटावर फिरत होती. मालाची किंमत करणारा असाच बघतो, असं त्यांच्या मनानं घेतलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. त्यांनी फुंकून बघायचं ठरवलं.

"चाकं लई करकरत्यात रं," त्या सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या.

"त्येचं काय एवढं, आक्का. तेल सोडतो की. आवाज बी येणार न्हाय."

सापडला! चंपाबाईंना आतून उकळ्या फुटल्या. पांगुळगाड्याला कोणी तेल घालतं होय? आई चुलीपुढं असते, पोर सोप्यात. करकर चालू आहे तोवर पोर चालतंय. करकर थांबली की हातातलं टाकून उठायचं. ज्या घरात हा गाडा गेला, तिथं हे कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. आणि गाडा तर घरोघर फिरलेला. पोर भिंतीला धरून उभं राहिलं की घरचं माणूस येऊन न्यायचं, पोर सुटं चालायला लागलं की गूळखोबरं घेऊन परत आणून द्यायचं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "दाराभाईर हो. आण्णाप्पाचा ल्योक म्हणं! सगळ्या निपाणीची पोरं ह्यावर चालली, आनि तुला तेलाचं ठाव न्हाय? तुझ्या आईनं कधी सांगितलं न्हाय व्हय?"

सुगत उठला. त्याला राग आलेला दिसला नाही.

"आईला बी ठाव नसंल, आक्का. आमच्याकडं आलाच न्हाय गाडा. मी धरून हुबा ऱ्हायाय लागलो, तवा ती मागाय आलती म्हणं. दुसऱ्या घरला दिलाय, म्हणालता तुम्ही."

"मग दिला आसंल! गाडा काय एका जागी ऱ्हातोय?"

चंपाबाई चटकन बोलून गेल्या, आणि मग त्यांना अंजना आठवली. आण्णाप्पाची बायको. वखारीत तंबाखू चाळायची, सणावाराला घर झाडायला यायची. दिवाळीच्या तोंडावर ती शिडीवरून खाली उतरली, केसांत जळमटं अडकलेली, हातात केरसुणी. खालच्या पायरीवर थांबून तिनं हळूच विचारलं होतं, आक्का, आमचा सुगत हुबा ऱ्हातोय, गाडा मिळंल का. माळा तिनंच झाडला होता. आणि गाडा माळ्यावरच होता. तिच्या घरून आलेला गाडा गल्लीत पुन्हा कोणी घेतला नसता, म्हणून चंपाबाईंनी दुसऱ्या घरी दिलाय असं सांगितलं. ते ऐकून ती नुसती "बरं" म्हणाली आणि केर भरायला लागली.

चंपाबाईंना लाज वाटली. एवढ्या वर्षांत ती एकदाही वाटली नव्हती, ह्याची जास्त वाटली. त्यांनी गाडा सुगतच्या पुढ्यात सारला.

"पोरगी कुठं हाय?"

"बस्तीच्या देवळाच्या कोपऱ्यावर. कारमधी, आईच्या मांडीवर."

"अंजना आलीया?" त्यांचा आवाज चढला. "हितवर येऊन कारमधी बसलीया? आत का न्हाय आली?"

सुगतनं गाड्याची दांडी धरली.

"चल म्हणालो मी. न्हाय म्हणाली. म्हणाली, आधी तू जाऊन इचारून ये, ह्या बारीला तरी गाडा घरात हाय का."