आठ सेकंदांची शांतता

आकाशात दोन विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ आली. देवाने लाज राखली, दोन्ही सुखरूप उतरली. पण कंट्रोल रूममधून त्यांना वाट दाखवणाऱ्या दादांचं लायसन्स आता चौकशीच्या टेबलावर होतं.

रेकॉर्डिंग लावलं. दादा एकटेच चौदा विमानांशी बोलत होते, तेही असे की पट्टीच्या गवयालाही धाप लागावी. कुणाला वर थांब, कुणाला खाली ये, कुणाला जरा डावीकडून घे. आणि मग अचानक आठ सेकंद चिडीचूप! नेमकी तेव्हाच ती दोन विमानं जवळ आली होती.

"अहो, वरून विमानं हाका मारताहेत आणि तुम्ही मौनात?" चौकशीला आलेल्या बाई कडाडल्या. "डुलकी लागली होती की काय?"

त्या दिवशी ड्यूटीवर असलेले साहेब शेजारीच बसले होते. त्यांनीही हळहळत मान हलवली. "बोला दादा, आता तरी तोंड उघडा. काय करत होतात?"

दादा साहेबांकडे वळले.



"सही करत होतो, साहेब. 'मला कामाचा ताण अजिबात नाही' असं लिहिलेला कागद घेऊन तुम्हीच नाही का माझ्या खांद्याशी उभे होतात?"