खुंटीवरचा कप

बहात्तरच्या दुष्काळानंतर नेपाळच्या धनबीरनं टेंभुर्णीत हॉटेल टाकलं. पहिल्याच दिवशी गावच्या पाटलांनी, अण्णासाहेबांनी, त्याला बजावलं, "त्या गावकुसाबाहेरच्या भिवाच्या आळीतल्यांचा कप बाहेर खुंटीला टांगायचा. ज्याचा त्यानं धुवायचा."

धनबीरला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अण्णासाहेबांना गडी एकदम पसंत पडला. रोज तीनदा त्याच्या हातचा चहा ढोसायचे. परवा लेकीच्या लग्नात तर साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांचा स्वयंपाकही त्याच्याच हातून करून घेतला.

आज मात्र धनबीर खुंटीवरचा तो कप काढून स्वतःच त्यातून चहा प्यायला लागला, तसे अण्णासाहेब कडाडले, "अरे, कुणाचा कप हाय तो? कळतं का न्हाई?"



"कळतं ना, साहेब. आमच्या गावात माझा पण असाच बाहेर टांगलेला आहे."