उशाशी पुडी

आईने पर्समधून कागदाची पुडी काढली आणि मुलीच्या उशाशी ठेवली. ठेवली, पण पुडीवरचा हात काही उचलला नाही.

"हे काय?" मुलीने विचारलं.

"तूच म्हणालीस ना सकाळी. आणलं."

मुलगी बघतच राहिली. आई कॅन्सर वॉर्डात मोठी सिस्टर होती. पेशंट तिच्यामागे तिला फौजदार म्हणत. कुणाच्या उशाखाली भुकटी, कुणाच्या पिशवीत काढा सापडला की ती तिथल्या तिथे बेसिनमध्ये ओतायची आणि वर नातेवाइकांची अशी हजेरी घ्यायची, की पुन्हा तसलं काही आणायची कुणाची टाप नसे. आता त्याच वॉर्डात तिची एकुलती एक लेक ल्युकेमियाची पेशंट होती. पहिली केमो कशीबशी पार पडली होती. दुसरीसाठी उद्या ॲडमिट व्हायचं होतं, आणि सकाळी लेकीने पांघरूण डोक्यावर ओढून सांगून टाकलं होतं, की आता हॉस्पिटल बास झालं. शेजारच्या काकू सांगतात त्या वैद्यांचं झाडपाल्याचं औषध घेऊ. त्यावर आई चपला घालून निघून गेली होती, ती आत्ता उन्हं कलल्यावर परतली होती.

"तू गेलीस? तू स्वतः?"

"गेले. रांगेत बसले."

आई पलंगाच्या कडेला टेकली आणि सांगू लागली. वैद्यांच्या दारात पत्र्याखाली बाकं मांडलेली होती. त्यातल्या एका बाकावर ते आजोबा होते, ज्यांची काढ्याची बाटली तिने मागे रिकामी केली होती. तिला बघताच आजोबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. तिलाही कुठे तोंड लपवू असं झालं. थोड्या वेळाने त्यांनीच पेपर खाली केला आणि सरकून जागा करून दिली. म्हणाले, "बसा, सिस्टर. इथं कुणी कुणाला रागावत नाही."

मुलीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. हसता हसता ठसका लागला, तशी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग मुलीने विचारलं, वैद्य कसे आहेत. आई म्हणाली, म्हातारे आहेत. बरं करीन असं काही म्हणाले नाहीत, पण ऐकून सगळं घेतलं. ताप किती, भूक कशी, प्लेटलेट्स कुठवर उतरल्या, हे तिने घडाघडा सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, पोरीला भीती कशाची वाटते?

"आणि मला सांगता येईना," आई म्हणाली. तिने पुडीवरचा हात काढून मांडीवर घेतला. "कशाची वाटते गं?"

आजारी पडण्याआधी मुलगी लहान मुलांना पोहायला शिकवायची.

"पोरांना पाण्यावर उताणं झोपवते ना मी," ती म्हणाली, "तेव्हा पाठीखालचा हात काढून घेतला तरी त्यांना चालतं. मी दिसले म्हणजे झालं. वॉर्डात तू मला दिसत नाहीस, आई."

"मी? अगं, मी तर ड्यूटी संपली तरी तिथेच असते."

"सिस्टर असते. येते, सलाईन बघते, फाइल वाचते, डॉक्टरांशी बोलते, जाते. आई घरीच राहते."

आईने मान खाली घातली. पलंगावरची चादर ओढून सरळ केली. ती मुळात सरळच होती.

मग ती उठली आणि तिने डॉक्टरांना फोन लावला. पुडीचं सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, त्यात काय आहे हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. केमोने लिव्हर आधीच दमलंय, त्यावर हे नको. ते तिलाही ठाऊक होतंच. मग तिने हलक्या आवाजात रजेचं विचारलं.

फोन ठेवून तिने पुडी उचलली, तेव्हा मुलीने तिचं मनगट धरलं.

"टाकू नकोस," ती म्हणाली. "घेणार नाही मी. पण माझ्यासाठी तू रांगेत बसलीस. राहू दे कपाटात." आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी आई घरच्या कपड्यांत वॉर्डात आली. हाताखालच्या सिस्टर सवयीने काही विचारायला आल्या, तर मी रजेवर आहे म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं. डॉक्टर येऊन गेले. फाइल पायथ्याशी अडकवलेली होती, ती तशीच राहिली. केमो चालू झाली. मुलीला उमासे येत होते, आणि आई स्टूल पलंगाला चिकटवून, तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून, पोहायच्या क्लासातल्या कुठल्या पोराने पहिल्या दिवशी किती पाणी गिळलं ते तिच्याकडून थोडं थोडं ऐकत होती.

दुपारी मुलीला डुलकी लागली. तेवढ्यात सलाईनचं मशीन वाजायला लागलं. आई ताडकन उठली. हात नळीपर्यंत गेला. मुलीने डोळे उघडून पाहिलं.

आईने हात मागे घेतला. पलंगाच्या डोक्याशी बेलचं बटण लोंबत होतं. ते शोधायला तिला वेळ लागला. तिने ते दाबलं, पुन्हा स्टुलावर बसली आणि लेकीचा हात हातात घेऊन सिस्टर यायची वाट बघू लागली.