एका मताची फिल्म

शाळेच्या भिंतीवर अर्धी पुसलेली छत्री.

गोदामाच्या दारात कंटेनर. मागे घेतोय, अडकतोय.

नळ. नळाखाली हंडा. तो भरेपर्यंत कॅमेरा हलत नाही.

रामू, पडवीत, खाली बघत: “मी गद्दार न्हाय.”

“थांबव,” केसरीनाथ म्हणाला.

ईराने लॅपटॉप थांबवला. सकाळपासून हेच चाललं होतं. वडपे गावातल्या केसरीनाथ आणि चिंतामणी यांच्या पॅनेलांच्या तीस वर्षांच्या भांडणावर तिने माहितीपट केला होता. दाखवायचा होता केसरीनाथच्याच गोदामात. गावात दुसरी एवढी जागा नव्हती.

“आवाज झकास. माझं भाषण झकास. पण छत्री काढ. चिंतामणीची निशाणी ती. आणि नळ काढ.”

“काका, नळ त्यांनीच आणला ना? निवडून आल्यावर?”

“आणला आसंल! गोदाम कोनाचं हाय?”

ईराने फिल्म पुढे सरकवली.

“आन् रामूला काढ. सगळ्यात कच्ची जागा तीच.”

पहिल्या निवडणुकीत केसरीनाथ एका मताने पडला होता. धाकटा भाऊ रामू मतदानाला चिंतामणीच्या जीपमधून आला होता. केसरीनाथला तेवढा पुरावा पुरला. दोघांच्या अंगणात भिंत उभी राहिली. आता रामू अंथरुणाला खिळला होता. ‘बाकी काय पण काप, माझं येवढं ठेव,’ ही त्याची एकच अट होती.

“मी त्यांना शब्द दिलाय, काका.”

“घरचं मत फोडनाऱ्याला कसला शब्द? तो दिसला तर गोदामाला कुलूप.”

केसरीनाथची बायको अनसूया चहा घेऊन आली.

“काकू, तुम्हीच सांगा आता. कशी वाटली?” ईरा वैतागून म्हणाली.

“बरी हाय. पन नळाच्या आधीची हायवेपल्याडची विहीर न्हाय दाखवलीस.” कप ठेवताना ती थांबली. “भावोजींचं ठेव गं.”

“तुला काय कळतंय राजकारनातलं?” केसरीनाथ डाफरला. “मी सांगंन तिथं शिक्का मारनारी तू!”

“व्हय,” अनसूया म्हणाली.

“बघ पोरी. घरचं मानूस आसं पायजे.”

ईराने हात टेकले. छत्री ठेवू द्या, नळ ठेवू द्या, रामूकाकांना काढते, असा सौदा ठरला. तिने रामूचं वाक्य निवडलं आणि कापलं.

बाहेर नळावर कप विसळल्याचा आवाज येत होता.

पहिल्या निवडणुकीत अनसूयाने छत्रीवर शिक्का मारला होता.