घराण्यातली खोट

"सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही डॉक्टरबाई, पण ही घोडी बर्फाला घाबरते," सुभेदार श्यामसुंदर शेवाळे म्हणाले. "चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये कुल्फीची गाडी दिसली, तशी जी उधळली ती थेट बसस्टँडात. पार सिमल्याच्या गाडीत चढायला निघाली होती, कंडक्टरनेच उतरवली."

बर्फाला घाबरणारी घोडी सिमल्याला कशाला जाईल, हे डॉ. उल्काने विचारलं नाही. सुभेदारांच्या बायकोने, शालिनीबाईंनी, फोन करून या जनावरांच्या डॉक्टरला चंदीगडशेजारच्या मुल्लानपूरला बोलावलं होतं. तबेल्याला खेटून टॉवर उठत होता. पुढच्या महिन्यात तबेला पाडणार आणि नवराबायको सहाव्या मजल्यावर राहायला जाणार. घोडी अस्सल स्पिती, म्हणजे हिमाचलच्या थंड डोंगरातल्या जातीची निघाली, तर ती वर डोंगरात, पैदास केंद्रात जायची. या जातीच्या घोड्या आता शोधाव्या लागत होत्या.

क्रेन करकरली. घोडीने पाय आपटले. सुभेदार तिच्याभोवती घिरट्या घालत होते. उल्का डावीकडे गेली की हे मधे, उजवीकडे गेली की हे मधे.

"पायांवरचे हे लांब राठ केस..."

"आळस माझा. कापायचे राहिले."

"आणि एवढी दाट आयाळ?"

"आमच्या हिचं खोबरेल. चोरून लावतो."

"सुभेदारसाहेब, छाती बघा हिची, खूर बघा. इतकी चोख घोडी मला खाली कुठेच दिसली नाही."

सुभेदारांनी आयाळीत बोटं खुपसली, काढली, पुन्हा खुपसली.

"दिसायला चोख हो," ते आवाज उतरवून म्हणाले. "तुमच्यापासून काय लपवायचं? घराण्यातच खोट आहे. हिचा बाप खेचर होता. आमच्याच पलटणीतला, लेहचा. पाठीवर तोफेचे सुटे भाग, पण चाल अशी रुबाबदार, की हिची आई बघताक्षणी..."

हसू लपवायला उल्का घोडीच्या खुराकडे वाकली. शालिनीबाई चहा घेऊन कधीच्या दारात उभ्या होत्या.

"अहो, खेचराला पोर होत नाही," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्हीच मला सांगितलं होतं. तेव्हाही मनातलं सोडून बाकी सगळं बोलत होता."